आजारी मुलाच्या बापाची रजा

ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून सुरतेस येऊन लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्या घरातील मूल आतड्याच्या चिवट विकाराने ग्रासलेले असेल, त्या घरात पहिला आरोपी ठरते ती बहुधा त्याची आई. हातगाडीवरचे खाऊ घातले असेल, असा निवाडा आप्तेष्ट परस्पर देऊन मोकळे होतात. वस्तुतः डॉक्टर क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णिलेल्या या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच आतड्यावर उलटते, आणि ती का उलटते याचा पुरता उलगडा वैद्यकासही झालेला नाही. त्यातून आतड्याच्या क्षयाशी तिचे साम्य इतके, की कित्येक मुलांना आधी महिनोन् महिने क्षयाचीच औषधे दिली जातात. पुढे स्टेरॉइडने चेहरा सुजून गोल झाला, की तेच आप्तेष्ट 'तब्येत सुधारली हो' म्हणून अभिनंदन करतात!

परंतु संसार मोडकळीस येतो तो औषधांच्या खर्चाइतकाच खाड्यांमुळे. मागावर बारा तासांची पाळी आणि मजुरी मीटरवर. सबब इस्पितळाच्या रांगेत गेलेला दिवस सरळ मजुरीतून वजा होतो, आणि घरी बसून साड्यांना टिकल्या लावणाऱ्या आईचेही काम त्या दिवशी तसेच पडून राहते. शेजारणीकडे ठेवलेल्या धाकट्या मुलीची गणती तर कोणत्याच हिशेबात होत नाही. कामगार राज्य विमा योजनेत विमेदार कामगार स्वतः आजारी पडल्यास त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाचा सत्तर टक्के भाग मिळू शकतो. मूल आजारी असेल तर त्याच्यावर उपचार होतात, मात्र त्याच्या उशाशी बसणाऱ्या बापाच्या बुडालेल्या मजुरीची तजवीज त्यात नाही. याउलट केंद्र सरकारच्या सेवेतील आईस सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. म्हणजे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते कचेरीच्या उंबरठ्यावर अडले आहे. निदान ज्यांची नावे विम्याच्या दप्तरी आहेत, अशा आईबापांना दीर्घकालीन आजाराच्या मुलासाठी वर्षाकाठी काही दिवसांचे भरपगारी साहाय्य त्याच निधीतून द्यावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

शाळेचा प्रश्न त्याहून सोपा आहे. तास चालू असताना अशा मुलाला शौचास जाण्याची विनाविचारणा मुभा असावी, एवढ्यासाठी शासकीय परिपत्रकाची प्रतीक्षा कशाला? मुख्याध्यापकांचा तोंडी हुकूम पुरे.