शाळा आणि शेतकरी पालक

सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेंचणी सुरू झाली, कीं खेड्यांतील शाळेचे वर्ग ओस पडूं लागतात. मुलगा शेतावर जातो. मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत घरीं राहते. आठ-पंधरा दिवसांनीं काय बिघडतें, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. परंतु वाफसा निघून गेल्यावर पेरणी साधत नाहीं, हें जाणणारास गणिताचा एक धडा चुकला तर पुढचे धडे उमजत नाहींत, हेंहि कळावयास पाहिजे.

करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. तेथें पालक केवळ हुकूम पाळणारा होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें त्यास कारभारांतच जागा दिली आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक व एकंदरींत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर व अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणें हें तिचें कर्तव्य होय.

पण कित्येक ठिकाणीं सभेची वही घरोघर फिरते, सह्या होतात, आणि सभा झाली असें ठरतें! सोसायटींत खताच्या गोणीचा हिशेब मागणारा गृहस्थ शिक्षकाची जागा किती दिवस रिकामी आहे, हें विचारीत नाहीं. शाळेनेंहि ऐन हंगामांत भर दुपारीं सभा बोलावूं नये. ती सायंकाळीं घ्यावी.

"आम्ही अडाणी, आम्हांस काय कळणार?" असें कोणी म्हणतील. वाचतां न येणाऱ्या आईसहि मुलाकडून रोज एक पान मोठ्यानें वाचून घेतां येतें. तें कोठें अडखळलें, हें कानास समजतें. आडत्याची पट्टी मुलांच्या हातीं देऊन वजन, दर, हमाली व तोलाई यांवरून हातीं येणारी रक्कम काढावयास सांगावें. त्यांत मुलांचें गणित होईल व आपला हिशेबहि तपासला जाईल.

मजुरांची टंचाई खरी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि त्यावर आपल्या वाडवडिलांची सावड हा उपाय आहे. चार घरांनीं मिळून काढणी केल्यास मुलांस शाळेंतून ओढून आणावें लागणार नाहीं. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गांवच्या सभासदांनीं सावडीची बोलणी करतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.