पेल्यावरचे नाव आणि पेल्यातली साखर

उन्हाळा लागला की आमच्या घरातली मुले एकच हट्ट धरतात. कॉफीच्या मोठ्या दुकानात जायचे आणि तिथले ते लाल-गुलाबी, बर्फाने भरलेले, वर फळाचे काप तरंगणारे पेय घ्यायचे. एका पेल्याला तीनशे रुपयांच्या घरात पैसे पडतात. घरातली वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात, "एवढ्या पैशांत आठवड्याची भाजी येते." आम्हीही हेच म्हणत होतो. आता आमचे मत थोडे बदलले आहे. ते या पानावर मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, मुलांना यावरून हिणवू नका. त्या दुकानात काउंटरवरचा मुलगा नाव विचारतो आणि पेल्यावर लिहितो. आडनाव विचारत नाही, गाव विचारत नाही, कुठल्या वस्तीतला हे विचारत नाही. आमच्या आजीच्या पिढीने गावातल्या हॉटेलात चहा मागितला, तर बाहेर ठेवलेली वेगळी कपबशी मिळायची. चहा प्यायचा आणि ती आपणच विसळून ठेवायची. तिची नात आज गार हवेत खुर्चीवर बसते, आपल्या नावाचा पेला हातात घेते आणि फोटो काढते. तिला त्यात काय मिळते हे ज्यांना कळत नाही, त्यांनी आजीला विचारावे. ही हौस उधळेपणा म्हणून मोडीत काढू नये.

पण मान आहे तो त्या खुर्चीचा. पेल्यात काय आहे, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो आरोग्याचा आहे. आपण दोन्हींची गल्लत करतो.

असे पेय तयार होते ते साधारण याप्रमाणे. आधीच बनवून आणलेला गोड, आंबट, रंगीत पाक असतो. त्यात पाणी आणि भरपूर बर्फ घालतात, झाकण लावून जोरात हलवतात आणि वरून सुकवलेल्या फळाचे काप टाकतात. ताजे फळ चिरून, कुस्करून घातलेले असेलच असे नाही. अमेरिकेत स्टारबक्स कंपनीविरुद्ध काही ग्राहकांनी दावा केला होता. ज्या पेयांच्या नावात आंबा, पॅशनफ्रूट किंवा असाई आहे, त्यांत ती फळेच नाहीत, मुख्यतः पाणी, द्राक्षाचा आटवलेला रस आणि साखर आहे, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने दाव्याचा बराचसा भाग पुढे चालवायला परवानगी दिली. निकाल कोणाच्या बाजूने लागावा हा आपला विषय नाही. फळाचे नाव आणि फळ यांत अंतर असू शकते, एवढे त्यातून घ्यावे.

दुसरी गोष्ट कॅफीनची. अशा काही पेयांत हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क असतो. चव कॉफीची लागत नाही, पण कॅफीन पोटात जातेच. 'फळाचेच तर आहे' म्हणून आठ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सहा वाजता मोठा पेला दिला आणि तो रात्री झोपेना, तर दोष मुलाचा नाही. घेण्यापूर्वी विचारावे, "यात कॅफीन आहे का?" विचारण्यात कमीपणा काही नाही.

आणि मुख्य गोष्ट साखरेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा काढलेला रस यांतून येणारी साखर मिळून दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगले. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि चांगले म्हणजे २५ ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा साखर साधारण ४ ग्रॅम भरते. म्हणजे सहा चमच्यांत दिवस संपला. त्यात सकाळ-संध्याकाळचा चहा आलाच.

मग थंड पेयात एवढी साखर का लागते? कारण गारव्याने जिभेला गोडी कमी कळते. बाटलीतले कोल्ड्रिंक कोमट झाल्यावर पिऊन बघा, घशाखाली उतरत नाही इतके गोड लागते. तेच बर्फात टाकले की छान लागते. साखर तेवढीच असते, जीभ फसते.

दुकानदाराकडे बोट दाखवण्याआधी आम्ही आमचा हिशेब देतो. मागच्या वर्षी १४ एप्रिलला वस्तीतल्या आम्ही बायकांनी मिरवणुकीच्या वाटेवर सरबताचा स्टॉल लावला. ५० लिटर रंगीत सरबत केले, त्यात ८ किलो साखर पडली. २०० मिलीचे २५० पेले झाले. रात्री भांडी घासताना एकीने सहज हिशेब मांडला, तर एका पेल्यात ३२ ग्रॅम साखर निघाली. म्हणजे आठ चमचे. आमच्या वस्तीतल्या एका आजोबांना मधुमेह आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, आम्हालाही ठाऊक होते. उन्हातून चालून आले म्हणून त्यांना आम्हीच आग्रह करून दोन पेले दिले होते. सोळा चमचे साखर आम्ही त्या माणसाला प्रेमाने पाजली. त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. ते पेय सोडायचे नाही, ते शिकून घ्यायचे. घरी करता येते, आणि साखर किती घालायची हे आपल्या हातात राहते.

दोन मोठ्या पेल्यांसाठी एक वाटी फळ घ्या, साधारण दीडशे ग्रॅम. स्ट्रॉबेरी असेल तर देठ काढून चार तुकडे करा. तिच्यावर साखरेचे दोन सपाट चमचे, चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून वीस मिनिटे झाकून ठेवा. साखर आणि मीठ फळातले पाणी ओढून घेतात, तळाशी आपोआप लाल पाक सुटतो. बाहेरचा पाक नको, रंग नको. मग पळीच्या मागच्या बाजूने अर्धे फळ चेचा, अर्धे तसेच राहू द्या. गाळू नका. गाळले की चोथा जातो, आणि साखर रक्तात सावकाश जावी म्हणून तोच तर कामाचा असतो.

आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. त्यात हे फळ, दोन वाट्या गार पाणी आणि दहा-बारा बर्फाचे खडे टाका. झाकण दाबून धरा आणि वीस वेळा जोरात हलवा. डब्याला बाहेरून दव सुटले की झाले. दुकानातला तो फेस आणि तो गारवा या हलवण्याचाच असतो, त्यात दुसरी जादू नाही. पेल्यात ओता, वर पुदिन्याची दोन पाने टाका. एका पेल्यात वरून घातलेली साखर एक चमचा, म्हणजे ४ ग्रॅम. फळाची स्वतःची साधारण तेवढीच. मोठ्या माणसांना दुकानासारखी किंचित तुरट चव हवी असेल, तर एक वाटी पाण्याऐवजी हिरव्या चहाचे निवलेले पाणी घाला. त्यातही कॅफीन असते, म्हणून मुलांच्या पेल्यात ते नको.

फळ हंगामाचे घ्या. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते. स्वस्त असेल तेव्हा धुऊन, कोरडी करून फ्रीजरमध्ये ठेवली तर उन्हाळ्यात उपयोगी पडते. शिवाय गोठलेले फळच बर्फाचे काम करते, त्यामुळे पेय पाणचट होत नाही. एप्रिल-मेमध्ये कलिंगड घ्या. ते इतके गोड असते की साखर लागतच नाही, लिंबू तेवढे जास्त पिळा. पावसाच्या तोंडावर जांभळे येतात, त्यांचा गर बी काढून घ्या. काहीच नसेल तर आठ-दहा कोकमे वाटीभर पाण्यात तासभर भिजवून कुस्करा. त्याला साखर पेल्यामागे दोन चमचे लागेल, पण रंग असा येतो की पाहुणा विचारतो, कुठून आणले? ड्रॅगनफ्रूटची हौस असेल तर तेही आता परदेशी राहिलेले नाही. सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावचे ड्रॅगनफ्रूट २०२१ साली दुबईला गेले. लाल गराचे घ्या. रंग भरपूर, चव मात्र बेताची, म्हणून लिंबू आणि पुदिना हवाच.

बर्फाबद्दल हयगय करू नका. गोठवल्याने पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात आणि बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ आणि विषमज्वर बर्फातूनही होऊ शकतात. म्हणून उकळून गार केलेल्या पाण्याचाच बर्फ घरी लावा. कारखान्यातली लादी आणायची वेळ आलीच, तर खाण्याचा बर्फ आहे का ते विचारून घ्या. मासे आणि माल गार ठेवायच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून लागू आहे. निळसर लादी पेल्यात घालायची नाही. आणि पांढरी दिसली म्हणून ती चांगलीच, असेही धरून चालू नका.

काही सूचना. रक्तदाब असेल तर मीठ वगळा. मधुमेह असलेल्यांनी साखर घालूच नये, फळही अर्धी वाटीच घ्यावे आणि ते आपल्या खाण्याच्या हिशेबात धरावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियम जपावे लागते, त्यांनी कोणते फळ किती घ्यायचे हे डॉक्टरांना विचारावे. गूळ किंवा मध घातला म्हणजे साखर टळली असे नाही, शरीराला तीही साखरच. मात्र इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अचानक उतरली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर तेव्हा हा उपदेश बाजूला ठेवा आणि शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. आणि जुलाब लागलेल्या मुलाला ही पेये नकोत, त्याला ओआरएसच द्यावे.

कोणी म्हणेल, धम्माच्या मासिकात ही सरबते कशाला? विनयपिटकातल्या महावग्गात आपण नावाच्या गावची हकिकत आहे. केणिय नावाच्या जटिलाने भिक्खूसंघासाठी पेय करून आणले, तेव्हा भगवान बुद्धांनी आठ पेयांना अनुमती दिली. त्यात आंबा आहे, जांभूळ आहे, केळे आहे, द्राक्ष आहे, फालसा आहे. पुढे धान्याचा रस सोडून सर्व फळांच्या रसाला परवानगी दिली. ही नोंद भैषज्याच्या, म्हणजे औषधाच्या प्रकरणात येते हे लक्षात घ्या. भिक्खूच्या पेल्यात काय जाते हा तिथे विचाराचा विषय होता. आपल्या मुलांच्या पेल्यात काय जाते, हा आपल्याही विचाराचा विषय असला पाहिजे.

यंदा बुद्धपौर्णिमेला आम्ही पुन्हा स्टॉल लावला. ५० लिटरच केले, पण कलिंगड, लिंबू आणि पुदिन्याचे, आणि साखर ८ किलोऐवजी २ किलो. शिवाय बिनसाखरेचे एक पातेले वेगळे ठेवले आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहिले. तेच आजोबा आले. वेगळ्या पातेल्यातला एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर संपली की काय गं पोरींनो?" आम्ही म्हटले, "आजोबा, संपली नाही, राखून ठेवलीय." ते हसले. कुरकुरत का होईना, पेला संपवला. काही जणांनी तोंड वाकडे केले, ते खोटे सांगत नाही. पण मुले दुसऱ्यांदा रांगेत आली. एका मुलीने खिशातले पेन काढले आणि कागदी पेल्यावर आपले नाव लिहिले. तिच्यामागच्या सगळ्यांनी मग तेच पेन मागून घेतले.

मुलांना त्या दुकानात नेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. वाढदिवसाला न्या, परीक्षा संपली की न्या, खुर्चीवर ऐसपैस बसा. पण रोजची तहान घरच्या पेल्यावर भागवा. पुढच्या रविवारी मुलांनाच डबा हलवायला द्या आणि साखरेचा चमचाही त्यांच्याच हातात द्या, मोजायला.