कंसाबाहेरचा आकडा सगळ्यांचा

पालकहो, वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात आठवीतली एक मुलगी वही मिटून बसली. म्हणाली, "काका, मला बीजगणित जमणारच नाही. मला डोकंच नाही." आम्ही वही उघडून पाहिली. बेरीज-गुणाकार चोख होते. चूक एकच होती आणि ती प्रत्येक उदाहरणात होती. ती म्हणजे कंस!

आम्ही तिला बाजारहाटाचे उदाहरण घातले. तीन भावंडांना प्रत्येकी एक वही आणि १० रुपयांचे एक पेन घेतले. एकूण १५० रुपये झाले. वहीची किंमत ठाऊक नाही, तिला क्ष म्हणू.

३(क्ष + १०) = १५०

मुलीने कंस सोडवला तो असा : ३क्ष + १० = १५०. आम्ही विचारले, "बाळ, वह्या तीन आल्या, पण पेन किती आले?" ती हसली. पेन एकच! दोन भावंडे पेनाविना राहिली. कंसाबाहेरच्या आकड्याने आतल्या प्रत्येक पदाला गुणायचे असते. म्हणून,

३क्ष + ३० = १५०
३क्ष = १२० (दोन्ही बाजूंतून ३० वजा केले)
क्ष = ४० (दोन्ही बाजूंना ३ ने भागले)

मुले आणखी एका ठिकाणी अडखळतात. कंसाआधी वजाचिन्ह असले की घोटाळा होतो. समजा, दुकानदाराने दर वहीमागे ५ रुपये सूट दिली. तीन वह्या घेऊन आपण २०० रुपये दिले, तर ९५ परत आले.

२०० − ३(क्ष − ५) = ९५

इथे पुष्कळ मुले −१५ लिहितात. पण सूट मिळाली तर आपल्या हाती पैसे जास्त उरणार की कमी? जास्तच! म्हणून +१५.

२०० − ३क्ष + १५ = ९५
२१५ − ३क्ष = ९५
३क्ष = १२०
क्ष = ४०

शेवटी ताळा करावा. ४० मधून ५ गेले ३५, तीन वह्यांचे १०५, २०० मधून १०५ गेले ९५. उत्तर बरोबर.

आयाबायांनो, तुम्हाला बीजगणित येत नसले तरी बिघडत नाही. बाजाराचा हिशेब तर तुम्ही रोज तोंडी करता. मुलाशेजारी बसा आणि एवढेच विचारा, "ताळा केलास का?" पोराला डोके नाही असे मात्र म्हणू नका. आमच्या त्या मुलीचे गाडे फक्त एका कंसापाशी अडले होते.

घरी सोडवून पाहा : ५(क्ष − ४) = ६०. उत्तर १६ आले पाहिजे.