चिकलठाणा ते हीथ्रो : कोटेशनातले आठ तास

पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले आणि 30 एप्रिलला भारतानेही तसेच केले. तेव्हापासून ही बंदी ‘नोटॅम’द्वारे, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेद्वारे, महिन्या-महिन्याच्या हप्त्याने वाढत गेली. उन्हाळी आरक्षण सहा महिने आधी घेणाऱ्या व्यवसायाने महिनाभराच्या मुदतीवर वेळ कशी सांगावी, हा प्रश्न सूचना काढणाऱ्यांना पडत असल्याचे दिसत नाही.

तथापि फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातील प्रवासी फसतो तो बहुधा सूचनेमुळे नव्हे, तर तिकीट काढून देणाऱ्याच्या कोटेशनमुळे. चिकलठाणा विमानतळ ते लंडनचे हीथ्रो हे अंतर संगणक सुमारे 7,320 किलोमीटर दाखवतो, त्याला ताशी 900 किलोमीटरने भागतो आणि आठ तास आठ मिनिटे असा उड्डाणकाळ छापतो. तिकिटे काढून देणाऱ्या आपल्या संघटनेचे अनेक सभासद तोच आकडा डोळे झाकून उतरवतात. हे अंतर महावृत्ताचे, म्हणजे गोलावरील दोन स्थळांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेचे असते, आणि त्या वाटेने चिकलठाण्याहून हीथ्रोला थेट विमानसेवाच नाही. मुंबईमार्गे जायचे तर तेथून हे अंतर सुमारे 7,210 किलोमीटर भरते, पण ती सरळ रेषा कराचीच्या बाजूने जाते, म्हणून भारतीय कंपनीच्या विमानाला अरबी समुद्रावरून वळसा पडतो. परदेशी कंपनीला ही बंदी लागू नसल्याने एकाच मार्गाच्या दोन तिकिटांवर दोन वेगवेगळ्या वेळा दिसू शकतात. त्यातच उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून येतात, त्यामुळे परतीचा प्रवास लवकर आटोपतो. कोटेशनात लिहायचा तो ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा काळ. भागाकाराचे उत्तर तेथे चालत नाही.

घरापासूनचा हिशेब तर आणखी निराळा आहे. मुंबईला रस्त्याने जाताना सावंगीहून समृद्धी महामार्ग धरला तर आमणेपर्यंत गाडी सुसाट जाते (शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला), पण त्यापुढे भिवंडी-ठाण्याची वाहतूक कोणत्याही संगणकाच्या आकड्यात बसत नाही. चिकलठाण्याहून विमानाने जाणाऱ्याच्या बाबतीत ‘मुंबई’ एवढेच लिहिणे आता निष्काळजीपणाचे ठरते, कारण 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईतूनही उड्डाणे सुरू झाली असून नवी मुंबईत उतरून मुंबईच्या सहार विमानतळावरचे आंतरराष्ट्रीय विमान गाठायचे असेल, तर मधला रस्ता प्रवाशालाच सामानासह पार करावा लागतो.

सभासदांनी पुढच्या कोटेशनपासून विमानतळाचे पूर्ण नाव, ब्लॉक टाइम आणि दोन विमानांमधला वेळ वेगवेगळ्या ओळींत लिहावे. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे तासभर पुढे सरकतात, वेळेतला फरक साडेपाचवरून साडेचार तासांवर येतो आणि विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रकही त्याच दिवशी लागू होते; म्हणून त्यापूर्वी काढलेले प्रत्येक तिकीट पुन्हा तपासून प्रवाशाला फोन करावा, आणि तो फोन फुलंब्रीहून गाडी सुटण्याआधी व्हावा.