विश्लेषण : घरची जुनी फियाट ‘व्हिंटेज’ ठरते का?

वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणावी, असं अनेकांना वाटतं. पण गाडी जुनी असणं वेगळं आणि कायद्यानं ‘व्हिंटेज’ ठरणं वेगळं.

नियम काय आहे?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी दुचाकी आणि मोटारीच यात येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

मेख कुठे आहे?

अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

मग १९८५ ची पद्मिनी?

ती २०३५ पर्यंत साधी जुनी गाडीच. तिला दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण चुकत नाही. २० वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झालं.

घेण्यापूर्वी काय पाहावं?

आरसी बुकातले चासी आणि इंजिन क्रमांक गाडीशी जुळतात का, नोंदणी रद्द तर झालेली नाही ना, हे आधी तपासावं. मग खालचा पत्रा बघावा. इंजिन पुन्हा बांधता येतं. पण कागदपत्रंच नसतील, तर चकचकीत गाडीही अंगणातच उभी राहते.