क्लास निवडण्याआधी परीक्षा निवडा

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातील मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला लातूरला पाठवायचे की कोट्याला? कोणती परीक्षा आणि कशासाठी, हे कोणी विचारत नाही. शेजारचा गेला म्हणून आपलाही जातो.

बँकेच्या काउंटरवर आम्ही हे दरवर्षी पाहतो. शैक्षणिक कर्ज महाविद्यालयात प्रवेश झाल्यावर मिळते, क्लासच्या फीसाठी नव्हे. मग ठेव मोडते, आईच्या पाटल्या तारण जातात. दोन वर्षांची फी एकरकमी भरली जाते आणि मुलगा दिवाळीला कंटाळून परत आला तर पैसे मागायला कोणी जात नाही. वास्तविक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या मुदतीची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. पावती जपून ठेवा आणि मागा!

आता हिशेब करू. कर्नाटकात अभियांत्रिकीची क्रमवारी सीईटी आणि पीयुसीचे गुण निम्मे-निम्मे धरून लागते. तेथे कॉलेज बुडवून क्लास करणे म्हणजे अर्धे गुण पाण्यात घालणे. नीटसाठी पीयुसीची एनसीईआरटी पुस्तकेच पाया आहेत. महाराष्ट्राची सीईटी मात्र महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते. ती द्यायची तर तिकडची पुस्तके आधी आणा. ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. आपल्यापैकी किती घरांना हे ठाऊक आहे?

आणि आता खरा अन्याय. नीट २०१७ पासून आणि जेईई मेन २०२१ पासून मराठीत देता येते. पण मराठी प्रश्नपत्रिका मिळते फक्त महाराष्ट्रातील केंद्रांवर. हिंदी आणि उर्दू देशभर! बेळगावच्या मुलाला मराठी हवी असेल तर त्याने कोल्हापूर गाठायचे. कोणी म्हणेल, पीयुसी इंग्रजीत शिकलेल्याला मराठी कशाला? अहो, नीटची ती प्रश्नपत्रिका दुभाषी असते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोराचा इंग्रजी प्रश्नात एखादा शब्द अडला, तर शेजारी मराठी वाचून त्याचे चार गुण वाचतात. तेवढाही आधार त्याला त्याच्याच गावात मिळू नये?

पाट्यांवरील अक्षरांसाठी आपण मोर्चे काढतो, काढायलाच हवेत. मग या केंद्रासाठी कधी काढणार? मंडळाने येत्या बैठकीत ठराव करून परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेला आणि आपल्या खासदारांना निवेदन द्यावे. आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी मंडळाच्या सभागृहात संध्याकाळी पीयुसीचे वर्ग घ्यावेत. आणि पालकांनो, जाहिरातीतले फोटो पाहून मुलाची दोन वर्षे गहाण टाकू नका.