व्हिलनचं काय केलंत, बॉस?

शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी सुट्टी, समोर गार झालेला पिझ्झा आणि हातात 'टोकियो रिव्हेंजर्स'चा शेवटचा खंड. पहाटे अडीचला २७८वा चॅप्टर संपला आणि मी चक्क भिंतीला विचारलं, 'बस्स? एवढंच?'

ज्यांना ही भानगड माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. केन वाकुईची ही मांगा जपानच्या 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये २०१७ ते २०२२ अशी साडेपाच वर्षं चालली. एकूण ३१ खंड! हिरो ताकेमिची, वय २६, व्हिडिओच्या दुकानात कामाला. वयाने लहान असलेल्या बॉसची बोलणी खाणारा. (आली ना आपल्या ऑफिसची आठवण?) शाळेतली गर्लफ्रेंड हिनाता टोळीयुद्धात मारली गेल्याची बातमी त्याला कळते आणि तो थेट बारा वर्षं मागे, २००५मध्ये जाऊन पडतो. तिच्या भावाशी हात मिळवला की पुढे-मागे प्रवास. मधे नुसत्या टोळ्या, बाइक्स, भरतकाम केलेले लांब कोट आणि तुफान हाणामारी. अशा टपोरी पोरांना जपानीत 'यांकी' म्हणतात.

या सगळ्यात मला जाम आवडला तो व्हिलन. किसाकी तेत्ता. चष्मा, थंड डोकं, स्वतः शक्यतो हात उचलणार नाही. आपल्याला वाटत राहतं की हाही काळात मागे-पुढे जात असणार. तर नाही! त्याच्याकडे कसलीच जादू नाही. फक्त प्लॅनिंग, आणि हिनाताने आपल्याला निवडलं नाही याची जळजळ. असा माणूस प्रत्येक ऑफिसात एक तरी असतो, म्हणून तर भीती वाटते.

आणि लेखकाने त्याचं काय केलं? पळता पळता ट्रकखाली! कथा अजून भरपूर बाकी असताना. मग त्याच्या जागी आला साउथ. अगडबंब, पण हवा भरलेल्या फुग्यासारखा. आला तसा गेलाही. आणि मायकीच्या मनातला अंधार? तो म्हणे शापामुळे. म्हणजे दोष कुणाचाच नाही. हे म्हणजे अप्रेझलमध्ये 'सिस्टीम डाउन होती' म्हणण्यासारखं झालं.

शेवटी ताकेमिची आणि मायकी दोघं पार लहानपणात जातात, सगळं नीट करतात. मेलेले जिवंत, हिरोचं लग्न, सगळे सुटाबुटात. किसाकीसुद्धा आता दोस्त, टोळीतलाच एक. मग मी ज्यांच्यासाठी इतके खंड रडलो, त्या रडण्याचा हिशोब कोण देणार?

पण खरं सांगू? माझी खरी तक्रार वेगळीच आहे. किसाकीशी दोस्ती केली कशी, ते नीट दाखवलंच नाही. हाणामारीला शेकडो पानं आणि या सगळ्यात अवघड कामाला जेमतेम काही चौकटी!

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. आमच्या वर्गातही एक चष्मिश होता. पहिला नंबर, डबा एकटाच खायचा. क्रिकेटच्या टीम पाडताना तो उरायचा आणि 'आज बारा झाले रे' म्हणून त्याला घरी पाठवणारा मीच होतो. अकरा असतानाही. तो काही व्हिलन वगैरे झाला नाही, चांगली नोकरी करतो म्हणे. पण 'चल, खेळायला ये' हे साधं वाक्य कसं म्हणायचं, ते मला त्या शेवटच्या चॅप्टरमध्ये बघायचं होतं.

शनिवारी दुपारी शाळेच्या ग्रुपमधून त्याचा नंबर काढला. 'ओळखलंस का?' असा मेसेज टाकला. नंतर बराच वेळ फोनकडे बघत बसलो.

दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.